घर आणि आरोग्य : व्यसन सुटल्यानंतरचा राग

व्यसनी माणसाने व्यसन सोडले की घरावरचे संकट टळले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. देवापुढे नारळ फुटतो, शेजारीपाजारी समाधान व्यक्त करतात आणि आता सारे सुरळीत होईल असे मानून घरातील मंडळी निर्धास्त होतात. उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत ही समजूत विशेष घातक ठरते. मनुष्य त्या द्रव्याला शिवत नाही, पण त्याच्याशी चार शब्द बोलण्याची सोय घरात उरत नाही, असे पुष्कळदा दिसून येते. भाजीत मीठ कमी पडले, कोणी दार जोराने लावले, आईने 'कुठे गेला होतास?' एवढेच विचारले, तरी तो उसळून उठतो. तासाभराने तोच खिन्न होऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. महिना जातो, दोन महिने जातात, तरी हा क्रम थांबत नाही.

अशा वेळी घरातील माणसे दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर हा चोरून पुन्हा घेऊ लागला असावा. नाही तर याचा मूळ स्वभावच वाईट, व्यसन हे केवळ निमित्त होते. हे दोन्ही तर्क पुष्कळदा चुकीचे असतात आणि दोहोंचा परिणाम मात्र एकच होतो. संशय वाढतो, टोमणे सुरू होतात, भांडण पेटते आणि अखेर तो मनुष्य पुन्हा त्याच पुडीकडे वळतो. म्हणून हा राग कोठून येतो, तो किती काळ टिकतो आणि घराने त्याच्याशी कसे वागावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अफू किंवा गर्द माणसाला गुंगवितात. उत्तेजक द्रव्ये त्याला जागवितात. झोप, भूक व थकवा नाहीशी झाल्यासारखी वाटतात आणि अंगात अचाट बळ आल्याचा भास होतो. कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन ही यांतील प्रमुख द्रव्ये होत. अ‍ॅम्फेटामिन १८८७ साली बर्लिन येथे प्रथम तयार झाले आणि मेथॅम्फेटामिन १८९३ साली नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने तयार केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, ते जपानमध्ये 'फिलोपॉन' या नावाने विक्रीस आले. कष्टांची आवड असा त्या नावामागील ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. रात्रपाळीच्या कामगारांनी व सैनिकांनी ते घेतले आणि युद्ध संपल्यावर ते सामान्य लोकांत पसरले. १९५१ साली जपान सरकारला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५४ या एकाच वर्षी त्या कायद्याखाली ५५,००० हून अधिक माणसांना अटक झाली. द्रव्य सुटून बराच काळ लोटल्यावरही काही रुग्णांत संशयीपणा व मनाची अस्वस्थता टिकून राहते किंवा ताणाच्या प्रसंगी परत उद्भवते, ही गोष्ट तेथील मानसोपचारतज्ज्ञांनी नोंदवून ठेवली आहे.

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकसंख्येत अ‍ॅम्फेटामिनवर्गीय द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण ०.१८ टक्के होते. हा आकडा दारूच्या मानाने लहान दिसतो. परंतु एवढ्या मोठ्या लोकसंख्येत तो लाखो घरांपर्यंत पोहोचतो. मणिपूर व मिझोराममध्ये सीमेपलीकडून येणाऱ्या 'याबा' गोळ्यांचा उपद्रव आहे. मुंबईत 'एमडी' या नावाने ओळखले जाणारे मेफेड्रोन हेही याच जातीचे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली ते २०१५ साली आणण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देतात, ते काही रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने. त्यांपैकी डोपामिन हे उत्साह व आवड यांच्याशी, तर सेरोटोनिन हे मनाचा समतोल व रागाचा आवर यांच्याशी निगडित आहे. उत्तेजक द्रव्ये हा साठा एकदम बाहेर काढतात किंवा त्याचे परत शोषण रोखतात. शेतकऱ्याला हे सहज समजेल. रात्रभर उपसा करून विहीर तळाला नेली, तर त्या रात्री शिवारात पाणीच पाणी होते. पण पुढे झरे पाझरून विहीर भरावयास दिवस लागतात. त्यातून उपसा वर्षानुवर्षे चालला असेल, तर झऱ्यांचीच तोंडे बुजतात.

हे केवळ उपमेपुरते नाही. मेथॅम्फेटामिन सोडलेल्या माणसांच्या मेंदूंचे चित्रण करून २००१ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोपामिनशी संबंधित यंत्रणा वर्षाहून अधिक काळ द्रव्यापासून दूर राहिल्यावर बरीचशी सावरते, असे त्यात आढळले. मात्र स्मरण व हालचालींतील चपळता त्याच प्रमाणात परत आली नव्हती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील एका लहान अभ्यासात, द्रव्य सोडलेल्या १२ व्यक्तींची तुलना १२ निर्व्यसनी व्यक्तींशी करण्यात आली. पहिल्या गटात सेरोटोनिनशी संबंधित यंत्रणा क्षीण झालेली आढळली आणि ती जितकी क्षीण, तितकी आक्रमकता अधिक असा संबंध दिसला. तात्पर्य, द्रव्य सुटल्यानंतरच्या रागात कृतघ्नपणाच शोधणे योग्य नव्हे. सावरत असलेल्या मेंदूचे ते एक लक्षण असू शकते.

या काळाचे स्थूल मानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या काही दिवसांत मनुष्य खूप झोपतो, अधाशासारखा खातो आणि कमालीचा उदास असतो. पुढील दोन-तीन आठवडे चिडचिड, अनिद्रा व द्रव्याची ओढ यांचा जोर असतो. त्यानंतरचा टप्पा अनेक महिन्यांचा. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी क्षुल्लक कारणाने भडका उडतो. कशातच गोडी वाटत नाही. नेमक्या याच टप्प्यात घराची सहनशक्ती संपलेली असते. चार बऱ्या दिवसांचे आठ होत जाणे, हीच येथील प्रगती. ती रोजच्या रोज मोजू नये, महिन्यामहिन्याने मोजावी.

घराने काय करावे? पहिली गोष्ट, राग चढलेला असताना वाद घालू नये. त्या वेळी आवाज न चढविता थोडक्यात बोलावे आणि दुसऱ्या खोलीत निघून जावे. पैशांचा, नोकरीचा किंवा मागील चुकांचा विषय तो शांत असताना, शक्य तर सकाळी काढावा. दुसरी गोष्ट झोपेची. अपुरी झोप हे रागाचे सर्वांत मोठे इंधन होय. निजण्या-उठण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. वेळेवर जेवण, रोज तासभर चालणे आणि पुरे करता येईल असे एखादे नेमून दिलेले काम, यांचा उपयोग उपदेशाहून अधिक होतो. मन रमविण्यासाठी 'थोडीशी' दारू चालेल, हा सल्ला कोणी दिल्यास तो निश्चयपूर्वक नाकारावा. दारूने रागाचा उरलासुरला लगामही सुटतो. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊ नयेत.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रागाचे कारण समजणे म्हणजे मारहाण सोसणे नव्हे. 'तो आजारी आहे, तूच सांभाळून घे,' असे पत्नीला किंवा आईला सांगून सारा भार तिच्यावर टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. ती अन्यायाची आहे. घरात कोणावरही हात उगारला जाणार नाही, मुलांना धमकावले जाणार नाही, ही मर्यादा पहिल्या दिवसापासून ठरलेली असावी. ती मोडली गेल्यास स्त्रिया व मुले यांनी प्रथम सुरक्षित जागी जावे आणि मदत मागावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि स्त्रियांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

काही लक्षणे दिसताच मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. कोणी आपल्या पाळतीवर आहे असे वाटणे, नसलेले आवाज ऐकू येणे, सलग रात्री झोप नसणे, हिंसा, आणि जीव देण्याची भाषा ही ती लक्षणे होत. जीव देण्याची भाषा ही कधीही नाटक समजू नये. खिन्नता आठवडे लोटूनही हटत नसेल, तर व्यसनाच्या आधीपासूनच एखादा मानसिक आजार होता काय, हेही तपासून घ्यावे लागते; त्यावर औषधे आहेत. उत्तेजक द्रव्यांची ओढच नाहीशी करील असे हुकमी औषध मात्र अद्याप नाही. समुपदेशन, नियमित तपासणी आणि व्यसनमुक्त राहिल्याबद्दल लहानसहान प्रोत्साहन देण्याची पद्धत, यांचाच आधार आज अधिक भरवशाचा ठरला आहे.

उपचारास नेले तर पोलीस पकडतील, या भीतीने पुष्कळ कुटुंबे गप्प बसतात. स्वतःच्या सेवनापुरत्या प्रकरणात आपण होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ मध्ये आहे. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात गणल्या आहेत. सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हे क्रमांक विनाशुल्क आहेत. त्यांवर रुग्णानेच बोलले पाहिजे असे नाही. घरातील कोणीही विचारू शकते.

प्लास्टर काढल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाने धावावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. तो लंगडतो तेव्हा आपण त्याला लबाड म्हणत नाही. आणि त्याने काठी भावंडांवर उगारली तर ती काढून घेतल्यावाचूनही राहत नाही. व्यसनातून उठलेल्या माणसाला घराकडून हवे असते, ते याच दोन गोष्टींचे पथ्य.