दहीभाताचा काय गुन्हा?

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. घरातल्या काहींना झोंबेल. झोंबू दे.

आमच्या नात्यात एक सात वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे. तो मोजून पाच पदार्थ खातो: दहीभात, तूप-पोळी, शिरा, खारी आणि केळं. त्याच्या आईवर सध्या सल्ल्यांचा पाऊस पडतोय. गहू बंद कर, दूध बंद कर, मग बघ कसा बोलायला लागतो! सांगणाऱ्याचं काय जातं? गहू-दूध काढलं तर त्या पोराच्या ताटात फक्त केळं उरतं. हा हिशेब कुणी केलाय का? वास, स्पर्श, चव जरा बदलली तरी अशा अनेक मुलांना घास गिळवत नाही. तो हट्ट नव्हे.

आता या पथ्याचं मूळ पाहू. स्वमग्नतेचा संबंध मेंदूतल्या अफूसारख्या द्रव्यांशी असावा, अशी कल्पना याक पँकसेप यांनी १९७९ साली मांडली. पुढे तिला गहू-दूध चिकटलं. गव्हातलं ग्लूटेन आणि दुधातलं केसीन नीट पचत नाही, त्याचे तुकडे रक्तातून मेंदूत जातात आणि अफूसारखं काम करतात, असं सांगितलं जाऊ लागलं. ऐकायला छान! पण ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांच्या लघवीत हे तुकडे शोधले, तेव्हा ते सापडले नाहीत. हा अभ्यास २००८ सालचा.

"पण अमक्याच्या मुलाला फरक पडला!" पडला असेल. मूल वाढतंय, स्पीच थेरपी चालू आहे, आणि आई डोळ्यांत प्राण आणून फरक शोधते आहे. श्रेय मात्र पथ्याला. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव का नसतं? तपासणाऱ्याचं मन कलू नये म्हणून. अमेरिकेत रॉचेस्टरला असंच केलं. पथ्यावरच्या १४ मुलांना मधूनमधून गहू किंवा दूध दिलं, पण कधी काय दिलं ते आईबाप आणि तपासणारे दोघांनाही ठाऊक नव्हतं. वागण्यात ठळक फरक आढळला नाही (२०१६). मुलं थोडी होती, हे खरं. पण ठाम दावा करणाऱ्यांकडे याहून मोठा पुरावा कुठे आहे? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने तर २०१३ सालीच सांगितलं, की स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी मुलांना असं पथ्य देऊ नये.

बरं, पथ्य निरुपद्रवीही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ स्वमग्न मुलग्यांच्या हाताचे एक्स-रे पाहिले. त्यांची हाडं अपेक्षेपेक्षा पातळ होती, आणि दूध बंद असलेल्यांची आणखी पातळ.

मुलाला खरोखर सीलिअॅक आजार किंवा दुधाची अॅलर्जी असेल तर पथ्य हवंच. पोट दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं पोट तर आधी तपासायला हवं. पण ते काम डॉक्टरांचं. आणि सीलिअॅकची तपासणी गहू चालू असतानाच करायची असते. आधीच बंद केला तर निकाल फसवा येऊ शकतो. सल्ला देणारे हे सांगतात का?

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १९५०-६०च्या दशकांत मोठमोठे विद्वान म्हणत, की आईची माया थंड म्हणून मूल स्वमग्न झालं. ते साफ खोटं ठरलं. तोवर किती आया आतल्या आत जळाल्या असतील! आता मायेऐवजी तिचं स्वयंपाकघर आरोपी. मूल बोललं तर श्रेय पथ्याचं, नाही बोललं तर "तूच नीट पाळलं नसशील." असा खेळ, ज्यात आई कायम हरते.

तेव्हा आप्तांनो, त्या घरी जाल तेव्हा सल्ला दाराबाहेर ठेवा. तासभर मुलाजवळ बसा, आईला जरा पाठ टेकू द्या. आणि तो दहीभात खात असेल, तर सुखाने खाऊ द्या.

बघा पटतंय का.