औंधचे नमस्कार आणि घरची खुर्ची



सातारा जिल्ह्यातील औंध आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी ही एकेकाळी एकाच संस्थानाची गावे होती. या संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तेथील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. नमस्कारास ना साधन लागते, ना मैदान. एक सतरंजी पुरते.

तथापि ज्यांनी चाळीस वर्षांत नमस्कार घातलेला नाही, त्यांनी पासष्टीत एकदम सतरंजी अंथरू नये. हाडे ठिसूळ झाली असतील, रक्तदाब किंवा काचबिंदू असेल, तर डोके खाली करून वाकणे अपायकारक ठरू शकते. नमस्कारात हातांवर भार येतो, गुडघे व कंबर वाकून पुन्हा सरळ होतात. तेवढेच आपण भिंत आणि खुर्ची यांच्या आधाराने साधावे.

‘मी रोज आमराईत फिरतो’, असे सांगलीकर सांगतात. सातारकर अजिंक्यताऱ्याचे नाव घेतात. फिरणे उत्तमच. परंतु मांड्यांची ताकद आणि तोल केवळ फिरण्याने टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे आणि तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम सुचविले आहेत. बँकेत असताना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास येणारे निवृत्तिवेतनधारक मी पाहत असे. एका वर्षी बाकावरून सहज उठणारे गृहस्थ पुढच्या वर्षी मुलाचा हात धरून उठत. हिशेबाच्या वहीपेक्षा ती नोंद मला अधिक बोलकी वाटे. अशा दुबळ्या पायांनी न्हाणीघरात पडल्यास खुब्याचे हाड मोडते आणि पुष्कळांचे स्वावलंबन तेथेच संपते.

खुर्ची लाकडी, बिनचाकांची, भिंतीला टेकविलेली असावी; प्लास्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते. पुढच्या कडेशी बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, हात छातीशी दुमडावेत, पुढे झुकून श्वास सोडत उठावे. बसताना धपकन बसू नये. खरी मेहनत सावकाश बसण्यात आहे. आरंभी हातांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. पाच वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा पाच, एवढ्याने सुरुवात पुरे. हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, हे महिन्यातून एकदा मोजावे. ६५ ते ६९ वयात पुरुषांचे १२ पेक्षा आणि स्त्रियांचे ११ पेक्षा कमी भरल्यास पडण्याचा धोका अधिक समजतात.

भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे टेकवावेत आणि कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्यावी. हा झाला आपला भुजंगासनाविना नमस्कार! स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, तसेच एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, दूध तापेपर्यंत सहज होते. आमच्या भगिनी यात पुरुषांच्या पुढे जातील, अशी माझी खात्री आहे.

छातीत दुखले, घेरी आली किंवा धाप लागली, तर तत्काळ थांबावे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, तर वैद्यांना विचारूनच आरंभ करावा. पहिला आठवडा घरातील कोणीतरी जवळ असावे, आणि पायांत मोजे नसावेत.