ओलें दुपटें

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीस मुलगा झाला. नाळेचा वेढा गळ्यास बसल्यामुळें मूल जन्मतांच रडलें नाहीं. डॉक्टरांनीं मुखवट्यानें श्वास दिला, बारीकसा आवाज उमटला, आणि आमच्या वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली. दुसरे दिवशीं सकाळीं डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र, "लघवी झाली कां?" श्वास अडला छातींत, मूत्राशीं त्याचा संबंध काय, ही शंका घरांत सर्वांसच आली. आम्ही ती विचारून घेतली.

प्राणवायु तुटला म्हणजे शरीर दुष्काळांतल्या कुटुंबाप्रमाणें वागतें. रक्त प्रथम मेंदू व हृदय यांस मिळतें; आंतडीं, कातडी व मूत्रपिंडें यांचा वांटा कापला जातो. मौज अशी कीं, मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीस भरपूर रक्त, आणि खालीं तें बापडें उपाशी! त्यांतील नलिकांच्या पेशी फार कष्टाळू असल्यामुळें लवकर खचतात. सुदैवानें त्यांचें अस्तर बहुधा पुन्हां भरून येतें. पण तोंवर संभाळ हवा.

निरोगी मूल बहुतकरून २४ तासांत लघवी करतें, ४८ तासांत जवळजवळ प्रत्येकच. पुढें दर किलो वजनास तासाला १ मिलिलिटरहून कमी झाल्यास चिंता; म्हणजे ३ किलोच्या बाळास दिवसाला ७२ मिलिलिटर तरी हवें. तथापि कित्येकदां लघवी नीट होऊनहि मूत्रपिंड बिघडलेलें असतें. म्हणून रक्तांतील क्रिएटिनिन पाहतात, आणि तेंहि पुनःपुन्हां. कारण पहिल्या दिवशींचा आंकडा बव्हंशीं आईचाच असतो.

वहिनींचें म्हणणें, "लघवी होत नाहीं, तर चमचाभर पाणी कां पाजूं नये?" वडीलधाऱ्या बाईस नाहीं म्हणणें आमच्या घरीं सोपें नाहीं. पण बाहेर न जाणारें पाणी अंगांत सांठतें, रक्तांतील सोडियम उतरतें, आणि मुलास आंकडी येऊं शकते. म्हणून अशा बाळास द्रव मोजूनच देतात, व जेंटामायसिनसारखीं मूत्रपिंडास जाचक औषधें शक्य तों टाळतात. डॉक्टरांनीं हें वहिनींस स्वतः बसून सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण चमचा परत पिशवींत गेला.

तिसाव्या तासास दुपटें ओलें झालें. परिचारिकेनें तें तराजूंत घातलें. १ ग्रॅम वाढला कीं १ मिलिलिटर, असा तो हिशेब. वहिनी उठून तराजूजवळ गेल्या आणि विचारत्या झाल्या, "किती भरलें?" पांचव्या दिवशीं क्रिएटिनिन उतरलें. रक्तदाब व लघवी पुढेंहि तपासावयास सांगितलें आहे. पहिली तारीख चैत्रांतली आहे.