लेबलवर नसलेलं नाव

किशोरकुमारचं योडलिंग ज्यांना आवडतं, त्यांना जिमी रॉजर्स हे नाव ठाऊक असायला हरकत नाही. भाऊ अनूपकुमारच्या संग्रहातल्या परदेशी रेकॉर्डी ऐकून किशोर योडलिंग शिकला असं सांगतात. त्यात रॉजर्सच्याही होत्या. भरदार आवाज गाता गाता एकदम बारीक सुरात उडवायचा आणि तितक्याच झटक्यात खाली आणायचा, हे योडलिंग. मूळ आल्प्सच्या गुराख्यांचं.

रॉजर्सचा जन्म १८९७चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात वाढला, रेल्वेत ब्रेकमन झाला. १९२४मध्ये क्षयाचं निदान झालं आणि पुढे ते कष्टाचं काम झेपेना. मग गाणं हाच रोजगार. ऑगस्ट १९२७मध्ये ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीने त्याची पहिली दोन गाणी रेकॉर्ड केली आणि त्याच वर्षीच्या ‘ब्लू योडल’ने त्याला घराघरांत पोहोचवलं. आजारपण त्याने लपवलं नाही, त्यावरही गाणं केलं. शेवटच्या रेकॉर्डिंगला तर स्टुडिओत खाट टाकावी लागली होती. २६ मे १९३३ला न्यूयॉर्कच्या हॉटेलात तो गेला. वय अवघं ३५.

अमेरिकेत त्याला ‘कंट्री संगीताचा जनक’ म्हणतात. मला हा ‘जनक’ शब्द खटकतो. त्याची ब्लू योडल्स ब्लूजच्या साच्यातली आहेत, आणि ब्लूज ही काळ्या लोकांची देणगी. पण तेव्हाच्या कंपन्या गोऱ्यांचं गाणं एका यादीत आणि काळ्यांचं दुसऱ्या यादीत विकायच्या. गाणाऱ्यांचे कान मात्र ही यादी पाहत नव्हते. ब्लूज गायक हाउलिन वुल्फ सांगायचा की, रॉजर्ससारखं योडल करायला गेलो आणि आरोळीच निघाली! म्हणून रॉजर्सला मी चोर म्हणणार नाही. देवाणघेवाण दोन्हीकडून होती. नावाचं श्रेय मात्र एकाच बाजूला गेलं.

जुलै १९३०मध्ये लॉस एंजेलिसला ‘ब्लू योडल नं. ९’ रेकॉर्ड झालं. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग होता, पियानोवर त्याची पत्नी लिल. रेकॉर्डच्या लेबलवर दोघांचीही नावं नव्हती. १९७०मध्ये जॉनी कॅशने टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमात आर्मस्ट्राँगला बोलावलं, त्या रेकॉर्डिंगची हकीकत प्रेक्षकांना सांगितली, आणि म्हाताऱ्या आर्मस्ट्राँगने तेच गाणं पुन्हा वाजवलं. चाळीस वर्षांनी.