मनाची भूक

पाय मुरगळला तर तो सुजतो. ताप आला तर अंग तापते. शरीराचे दुखणे असे उघड दिसते आणि घरातील माणसे लगेच धावून येतात. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. ते आत असते, आणि बाहेर येते तेव्हा पुष्कळदा दुसऱ्याच वेषात येते. कोणी चिडचिड करू लागतो, कोणी खोटे बोलतो, कोणी अबोल होतो, तर कोणी चोरून गोड खात सुटतो. पाहणारे त्या वेषालाच दोष देतात आणि आतले दुखणे तसेच राहते. हे दुखणे विरळाही नाही. १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांपैकी एकाला मनाचा काही ना काही विकार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खऱ्या माणसाच्या मनात कोणालाही डोकावता येत नाही. गोष्टीतल्या माणसाच्या मनाचे दार मात्र लेखक वाचकासाठी उघडून ठेवतो. म्हणूनच मनाची दुखणी समजून घेण्यास चांगल्या कथांचा मोठा उपयोग होतो. इंग्रज मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ठाऊक असलेला एडमंड हा असाच एक मुलगा आहे.

ऑक्सफर्ड येथे इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या सी. एस. लुईस यांची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही कादंबरी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. लंडनवर विमानांतून बॉम्ब पडत होते, म्हणून पीटर, सुसान, एडमंड व ल्यूसी या चार भावंडांना आईवडिलांपासून दूर, खेड्यातील एका वृद्ध प्राध्यापकाच्या मोठ्या वाड्यात पाठवण्यात आले. ही नुसती कल्पना नव्हती. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांतच ब्रिटनमधील शहरांतून सुमारे १५ लाख लोक गावोगावी हलवण्यात आले आणि त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. लुईस यांच्या स्वतःच्या घरीही अशी मुले राहून गेली होती.

त्या वाड्यातील एका जुन्या कपाटातून मुलांना ‘नार्निया’ नावाच्या बर्फाळ जादूच्या देशात जाण्याची वाट सापडते. एडमंड तेथे एकटाच भटकत असता त्याला पांढरी चेटकीण भेटते. थंडीने कुडकुडणाऱ्या त्या मुलाला ती आधी गरम पेय देते, आणि मग, तुला काय खावेसे वाटते, असे गोड आवाजात विचारते. तो ‘टर्किश डिलाइट’ मागतो. ही साखर व पिठाचे सत्त्व यांची, बहुधा गुलाबाच्या वासाची, वर पिठीसाखर भुरभुरलेली मऊ वडी असते. आपल्याकडील कराची हलव्याची लांबची बहीणच म्हणावी. चेटकिणीच्या वडीत मात्र मंत्र होता. ती एकदा चाखली की माणसाला आणखी हवी असे, आणि मिळत राहिली तर मरेपर्यंत तो खातच राही.

एडमंड खात गेला आणि खाता खाता चेटकिणीच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत गेला. भावंडे किती, ती कोठे आहेत, हे सारे त्याने सांगून टाकले. त्यानंतर त्याचे पाऊल घसरतच गेले. नार्निया स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही त्याने ल्यूसीला सर्वांसमोर खोटे पाडले. पुढे एका प्रेमळ बीव्हर दांपत्याने मुलांना ताज्या माशांचे सुग्रास जेवण वाढले. इतर तिघे पोटभर जेवले. एडमंडला त्या अन्नाची गोडीच लागली नाही, कारण त्याच्या मनात ती वडी घोळत होती. शेवटी तो गुपचूप निघून चेटकिणीच्या वाड्यावर गेला. तेथे त्याच्यापुढे आले ते पाणी आणि शिळा, कोरडा पाव. ज्या गोडासाठी त्याने आपली माणसे सोडली, ते त्याला पुन्हा मिळालेच नाही.

ही गोष्ट वाचणारा सहज म्हणेल, ‘मुलगा हावरट आणि लबाड होता, त्याला चांगली अद्दल घडली.’ परंतु हा निवाडा उथळ आहे. वडी जिभेवर पडण्यापूर्वीच एडमंडचे मन दुखावलेले होते. त्याचे वागणे बिघडू लागले ते एका नव्या, वाईट शाळेत गेल्यापासून, असे लेखकानेच पुढे सुचवले आहे. मोठा भाऊ त्याला रागावत असे. बहीण आईसारखी शिकवण देऊ पाही. आपल्याला कोणी विचारत नाही, आपल्याकडे सगळे पाठ फिरवतात, हा सल त्याच्या मनात होता. अशा मुलाला चेटकिणीने आपल्या घसरगाडीत जवळ बसवले, पांघरूण दिले आणि राजपुत्र करण्याचे वचन दिले. भूक मनाची होती आणि तिच्यापुढे आली ती मिठाई!

त्या मिठाईचे मोल ओळखण्यासाठी त्या काळाचीही आठवण ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखर मापून मिळू लागली, आणि जुलै १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटेही. माणशी आठवड्याला साधारण २२५ ग्रॅम साखर मिळे. एप्रिल १९४९ मध्ये गोळ्या-चॉकलेटांवरचे बंधन उठवले, तेव्हा दुकानांत अशी झुंबड उडाली की काही महिन्यांतच ते पुन्हा घालावे लागले. १९५३ मध्ये दोन्ही बंधने कायमची उठली, आणि लवकरच लोकांचे साखर खाणे जवळजवळ दुप्पट झाले. विशेष असे की, त्या मोजक्या साखरेने मुलांचे नुकसान झाले नाही. ज्यांचे आयुष्य या नियंत्रणाच्या काळात सुरू झाले, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाच्या विकाराचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे.

आज चेटकिणीची गरज उरलेली नाही. शाळेच्या कोपऱ्यावरील दुकानात थोड्या पैशांत गोड मिळते. गोड जिभेवर पडताच मेंदूत डोपामीन नावाचे रसायन स्रवते, आणि जे बरे वाटले ते पुन्हा करावे, अशी ओढ मेंदूला लागते. परीक्षेची धास्ती, मित्राशी झालेले भांडण, घरातील रिकामी दुपार, अशा प्रत्येक वेळी हात डब्याकडे गेला की त्याची सवय होते. मग भूक नसतानाही, नुसते मन उदास झाले तरी गोड आठवते. साखरेच्या या ओढीला दारूसारखे व्यसन म्हणावे की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. पण नाव काहीही दिले तरी ज्याला ही ओढ सोडवत नाही, त्याचा त्रास खरा असतो.

प्रमाणाचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वरून घातलेली साखर प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे, याच्या आत ठेवली तर अधिक हितकर, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. ३०० मिलिलिटरच्या पुष्कळशा शीतपेयांच्या एका बाटलीतच सुमारे ३० ग्रॅम साखर असते! ही जाणीव व्हावी म्हणून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्यास सांगितले. ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि फलक वाचून आकडे कळतात. मनाची भूक त्याने भागत नाही.

मग उपाय काय? ‘खाऊच बंद करा, चार शब्द सुनवा, म्हणजे मुलगा सुधारेल,’ असे काही वडीलधारे म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण धाकाने खाणे थांबत नाही, ते लपते. दप्तराच्या तळाशी चॉकलेटचे कागद साठतात आणि ओढीच्या जोडीला लाज येऊन बसते. उलट, ‘बिचारा उदास आहे, खाऊ द्या,’ असे म्हणणारेही चुकतात. ते चेटकिणीचेच काम नकळत करत असतात. दोघांचीही नजर जिभेवरच राहते.

दुःखाला वाट दिली म्हणजे काय होते, हे ‘इनसाइड आउट’ या २०१५ च्या अमेरिकन चित्रपटात सुंदर रीतीने दाखवले आहे. अकरा वर्षांची रायली मिनेसोटातील आपले गाव, मैत्रिणी आणि बर्फावरचा हॉकीचा खेळ मागे टाकून आईवडिलांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला येते. वडील काळजीत आहेत, तेव्हा तू हसतमुख राहा, असे आई तिला प्रेमानेच सांगते. रायली हसू आणते. तिच्या मनातील ‘आनंद’ हा ‘दुःखा’ला खडूच्या रिंगणात उभा करतो आणि बाहेर येऊ नकोस असे बजावतो. परिणाम उलटा होतो. रायली आधी चिडते, मग सुन्न होते आणि शेवटी घर सोडून बसमध्ये जाऊन बसते. ती परत येते, रडते आणि आपल्याला जुन्या गावाची आठवण येते असे सांगते, तेव्हा आईवडीलही आपले मन तिच्यापाशी मोकळे करतात. तेथून ती सावरू लागते. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात रायली तेरा वर्षांची आहे. आता ‘चिंता’ तिच्या मनाचा ताबा घेते, आणि खेळाच्या ऐन भरात तिचे काळीज धडधडू लागते. म्हणजे भित्री नसलेल्या, खेळात तरबेज असलेल्या मुलीलाही असे होऊ शकते.

एडमंड कसा सुधारला, हेही पाहण्यासारखे आहे. चेटकिणीच्या ताब्यातून त्याची सुटका झाल्यावर अस्लान हा सिंह त्याला एकीकडे नेतो आणि त्याच्याशी बोलतो. काय बोलतो, हे लेखक सांगत नाही. मग अस्लान भावंडांना बजावतो की, झाल्या गोष्टीविषयी आता याच्याशी बोलण्याचे कारण नाही. एडमंड प्रत्येकाची क्षमा मागतो आणि ती त्याला मिळते. पुढे लढाईत चेटकिणीची जादूची कांडी तोच मोडतो, आणि मोठेपणी ‘न्यायी राजा’ म्हणून ओळखला जातो. त्याला बरे करणाऱ्या गोष्टी तीन होत्या : कोणीतरी एकांतात त्याचे ऐकून घेतले, जुनी चूक कोणी पुन्हा उगाळली नाही, आणि त्याला करण्याजोगे काम मिळाले.

साखरेची ओढ सोडवतानाही हाच मार्ग धरावा. गोड कधी खावेसे वाटते, हे प्रथम आपल्याशी पाहावे. भूक लागली असता की एकटे वाटत असता? कंटाळ्यात की भीतीत? भूक असेल तर भाकरी, शेंगदाणे, फुटाणे, पेरू यांनी ती भागते. एकटेपणा असेल तर सोबत शोधावी, मैदानावर जावे. चहातील साखर एकदम न सोडता चमच्याचमच्याने कमी करावी. दोन-तीन महिन्यांत जिभेला नवी सवय लागते आणि पूर्वी अगोड वाटणारा पदार्थही गोड लागतो. एखाद्या दिवशी नियम मोडला तर स्वतःला दूषण देत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. सणाची पुरणपोळी किंवा संक्रांतीचा तिळगूळ यांना कोणी भिण्याचे कारण नाही. ते गोड चार माणसांत, उघडपणे आणि बेताने खाल्लेले असते. अति तेथे माती होते. आणि लपवून खाल्लेल्या घासाला बहुधा बेत राहत नाही.

परंतु उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल, खेळ नकोसा झाला असेल, किंवा जगणेच नको असे वाटत असेल, तर हे एकट्याने सोसण्याचे दुखणे नव्हे. आई, वडील, आजी किंवा विश्वासाचे शिक्षक यांना ते त्याच दिवशी सांगावे. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगावे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर तेथील समुपदेशकांशी बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ताप आल्यावर वैद्याकडे जाण्यात कोणी कमीपणा मानत नाही. येथेही तो मानू नये.

वर्गात एखादा मुलगा चिडका, खोटा किंवा खादाड म्हणून ओळखला जात असेल, तर त्याला नावे ठेवणे सोपे असते. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा घेऊन बसणे आणि त्याचे बोलणे ऐकून घेणे थोडे अवघड असते. एडमंडला चेटकिणीच्या आधी असे कोणी भेटले असते, तर बहुधा त्या वडीची जादू त्याच्यावर एवढी चाललीच नसती.