३,००० मिमी पाऊस, तरी पोलादपुरात टँकर का?

जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरतं आणि उन्हाळ्यात शेजारच्या पोलादपूरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मग पाणी जातं कुठे?

उतारावरून थेट नदीत. खाली काळा कातळ, त्यात फारसं मुरत नाही. पावसाळा संपला की झरे आणि विहिरी झपाट्याने उतरतात.

पाणी साठवता येत नाही, असं मात्र नाही. पोलादपूरजवळचं रानबाजिरे धरण महाड एमआयडीसीला पाणी पुरवतं. तेच डोंगरावरच्या वाडीत चढवायचं तर पंप आला, वीजबिल आलं. ते भरायचं कुणी? अर्ध्या रिकाम्या वाडीने?

जलजीवन मिशनचं (२०१९) उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटर. पण उद्भवच आटला तर नळातून हवाच येणार.

साधं गणित करू. १०० चौरस मीटरचं छप्पर, ३,००० मिमी पाऊस: ३ लाख लिटर. पाच माणसं, ५५ लिटर, उन्हाळ्याचे १२० दिवस: ३३ हजार लिटर. म्हणजे छपरावरच्या पाण्याचा जेमतेम नववा हिस्सा. खर्च आहे तो एवढ्या मोठ्या टाकीचा. सरकारी पैसा आधी तिथे जायला हवा.

शेतीसाठी वनराई बंधारे आहेत. पाऊस थांबला की ओढ्यात मातीने भरलेल्या सिमेंटच्या गोण्या रचायच्या. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो, पण तोवर वालाला, भाजीला पाणी मिळतं. भात झोडून मुंबई गाठणाऱ्याला थांबायला हेच दुसरं पीक कारण देऊ शकतं. अडचण एकच: गोण्या उचलायच्या वेळेला वाडीत उरतात ती बहुतेक म्हातारी माणसं.