हुकूमनामा हाती, पैसा कोठे?

आमच्या हिंडलग्यातील एका निवृत्त गुरुजींनी आयुष्याची पुंजी एका कंपनीस उसनी दिली. ती बुडाली, तेव्हा त्यांनी बेळगावच्या न्यायालयातून हुकूमनामा मिळविला व पेढे वाटले. बेलीफ जप्तीस गेला, तर कंपनीच्या नावे भाड्याची खोली व एक पाटी! मालकाचा बंगला पत्नीच्या नावे.

कंपनी ही मालकाहून निराळी व्यक्ती, हे तत्त्व इंग्लंडात १८९६ सालच्या सॉलोमन खटल्यात दृढ झाले. प्रामाणिक उद्योजकास ते छत्र, लबाडास बुरखा. स्किपर कन्स्ट्रक्शन प्रकरणी १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बुरखा दूर सारून संचालकाच्या कुटुंबीयांच्या मालमत्तेसही हात घातला. परंतु लबाडी सिद्ध करण्याचा भार धनकोवरच असतो.

म्हणून वाचकहो, पैसा देतानाच मालकाची वैयक्तिक हमी लिहून घ्यावी. दाव्याच्या काळात मालमत्ता हलविली जाऊ लागल्यास निकालापूर्वीच जप्ती मागावी. हुकूमनाम्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ अन्वये कंपनीच्या अधिकाऱ्याकडून मालमत्तेचे शपथपत्र मागता येते. दरखास्तीस १२ वर्षांची मुदत आहे.

गुरुजींनी तसा अर्ज दिला आहे. पेढे मात्र आता रक्कम हाती आल्यावरच, असे ते म्हणतात.